कर्ता कोण? आबे फारियाने उभा केलेला वाद

एखादा मनुष्य मनाच्या व्यथेने जर्जर होऊन दुसऱ्या मनुष्याकडे जातो. तो दुसरा त्याला मात्रा देत नाही, काढा देत नाही, शस्त्र लावीत नाही. दोघे समोरासमोर बसतात आणि बोलतात. असे काही आठवडे चालते, आणि पहिला मनुष्य पुष्कळदा बरा होतो. झोप येऊ लागते, अन्नाला चव लागते, घरच्यांशी तो पूर्वीसारखा वागू लागतो. ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. नवलाचा आहे तो तिच्या मागचा प्रश्न. हा मनुष्य बरा झाला तो कशाने? बोलण्याने, बोलणाऱ्याने, काळ लोटल्याने, की स्वतःच्याच बळाने? ज्याला आपण आज मानसोपचार म्हणतो त्याच्या इतिहासाकडे पाहिले, तर तो सारा ह्या एका प्रश्नाचा इतिहास आहे असे आम्हांस वाटते. आणि त्या इतिहासातील एक निर्णायक पान बार्देशातील कांदोळी गावी जन्मलेल्या एका पाद्रीच्या हातचे आहे. म्हणून ह्या विषयाचा विचार गोमंतकीय वाचकांनी परका समजू नये.

कारणाचा निश्चय करणे किती अवघड असते हे न्यायालयात वावरणाऱ्यास सांगावे लागत नाही. एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. कावळा फांदीवर बसायला आणि ताडाचे फळ पडायला एकच गाठ पडली, तर त्याला आपले शास्त्रकार काकतालीय न्याय म्हणत आले. उपचारानंतर रोगी बरा झाला, ह्या विधानात कावळा कोठे आहे आणि फळ कोठे आहे, हे शोधण्यासाठी साक्षीपुरावा लागतो, आणि त्या पुराव्याची उलटतपासणीही व्हावी लागते.

ही उलटतपासणी पहिल्यांदा पद्धतशीरपणे झाली ती १७८४ साली, पॅरिसमध्ये. फ्रान्झ आंटोन मेस्मर हा डॉक्टर व्हिएन्नाहून १७७८ मध्ये तेथे आला होता. विश्वात एक सूक्ष्म द्रव भरून राहिला आहे, मनुष्यदेहात त्याचा तोल ढळला की रोग होतो, आणि आपण तो द्रव रुग्णाच्या अंगात वाहवून तोल सावरतो, असा त्याचा सिद्धान्त होता. ह्यालाच तो प्राणिज चुंबकत्व म्हणे. एका मोठ्या लाकडी पिपाभोवती रुग्ण बसत, त्यातून बाहेर आलेल्या लोखंडी कांबी दुखऱ्या भागाला लावीत, आणि काही वेळाने त्यांना झटके येऊ लागत. झटक्यांनंतर पुष्कळांना बरे वाटे. सारे पॅरिस ह्या उपचाराने वेडे झाले, तेव्हा सोळाव्या लुईने चौकशी नेमली. चौकशी समितीत रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए होता, ज्योतिषी बेई होता, डॉक्टर गिलोटँ होता, आणि अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ पासी येथे राहणारा वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन प्रमुखस्थानी होता.

समितीने केलेली एक परीक्षा सांगण्यासारखी आहे. मेस्मरचा शिष्य देलाँ ह्याने फ्रँकलिनच्या बागेतील जर्दाळूच्या एका झाडात आपला द्रव भरला. मग बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून बागेत आणले आणि एकामागून एक अशा चार झाडांपाशी नेले. पहिल्या झाडापाशी त्याला घाम फुटला व खोकला आला, पुढे डोके जड झाले, आणि चौथ्या झाडापाशी तर तो मूर्च्छित होऊन पडला. परंतु ह्या चारांपैकी एकाही झाडात द्रव भरलेला नव्हता. भरलेल्या झाडापर्यंत तो पोहोचलाच नव्हता! अशा अनेक परीक्षांवरून समितीने निवाडा दिला की, द्रव नसून केवळ कल्पना असेल तर झटके येतात, आणि कल्पना नसून केवळ द्रव असेल तर काहीच होत नाही. सबब द्रवाचे अस्तित्व शाबीत होत नाही.

निवाडा म्हणून तो निर्दोष होता. तथापि त्यात एक उणीव राहिली. समितीपुढे वादमुद्दा एवढाच होता की, द्रव आहे की नाही. तो नाही असे ठरताच फाईल बंद झाली. पण मुलगा खरोखर मूर्च्छित झाला होता, आणि रुग्णांना खरोखर बरे वाटत होते. ते कल्पनेने होते, असे म्हणून समितीने त्या घटनेला नाव दिले; तिचा उलगडा मात्र केला नाही. कल्पना एवढे कसे करू शकते, हा मुद्दा कोणी काढलाच नाही.

तो मुद्दा काढणारा पुरुष म्हणजे जुझे कुस्तोदियु द फारिया, आबे फारिया ह्या नावाने जगाला ठाऊक असलेला. त्याचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात कांदोळीस झाला. बाप कायतान व्हितोरिनु हा कोलवाळचा. आईबापांचे पटले नाही; दोघे विभक्त झाली, आई जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली आणि बापाने पाद्रीची दीक्षा घेतली. १७७१ साली बापलेक गोवा सोडून लिस्बनला गेले. पुढे मुलाचे शिक्षण रोममध्ये होऊन १७८० साली तोही पाद्री झाला. लिस्बनला राणीपुढे प्रवचन देण्यास तो उभा राहिला, समोरचा दरबार पाहून त्याची वाचा बसली, आणि खाली बसलेल्या बापाने ‘हीं सगळीं भाजी, कातर रे भाजी’ असे कोकणीत पुटपुटताच त्याची जीभ मोकळी झाली, ही आख्यायिका गोव्यात पोराटोरांना ठाऊक आहे. ती खरी की रचलेली, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण पुढे ज्या तत्त्वासाठी त्याने आयुष्य वेचले ते सारे तत्त्व ह्या एका वाक्यात आहे, हे कोणाही विचारी वाचकाच्या ध्यानी येईल. बापाने पोराच्या अंगात काहीही घातले नाही. वक्तृत्व पोरामध्येच होते. शब्दाने फक्त त्याची वाट मोकळी केली.

१७८७ साली गोव्यात पिंटोंचा उठाव उघडकीस आला, त्याची झळ लिस्बनमधील फारिया बापलेकांनाही लागली, आणि १७८८ मध्ये पुत्र पॅरिसला गेला. राज्यक्रांतीच्या धामधुमीत तो तेथेच होता. प्युईसेगूर ह्या सरदाराकडून त्याने चुंबकत्वाची विद्या घेतली. प्युईसेगूरने १७८४ सालीच दाखवून दिले होते की, झटक्यांची काही आवश्यकता नाही. शांत अशी एक झोप आणता येते, तीत मनुष्य बोलतो, उत्तरे देतो. मात्र ही झोप उपचारकाच्या इच्छाशक्तीने येते, असे त्याचे मत होते. म्हणजे द्रव मागे पडला, तरी कर्तेपणाचे आसन उपचारकाकडेच राहिले.

१८१३ च्या ऑगस्टमध्ये फारियाने पॅरिसच्या क्लिशी रस्त्यावर आपले जाहीर वर्ग सुरू केले. समोरच्या माणसाला तो आरामात बसवी, डोळे मिटून झोपेवर चित्त एकाग्र करण्यास सांगे, आणि मग ठाम स्वरात आज्ञा करी: ‘झोपा!’ पीप नाही, कांबी नाहीत, अंगावरून हात फिरवणे नाही. आणि ह्यापुढे त्याने जे सांगितले ते त्या काळच्या कोणत्याही उपचारकाने सांगितले नव्हते. माझ्यातून काहीही बाहेर पडत नाही, माझ्या इच्छेत काही सामर्थ्य नाही, जे घडते ते झोपणाऱ्याच्या मनात, त्याच्या एकाग्रतेने आणि त्याच्या विश्वासाने घडते, असे तो म्हणे. ज्याच्या ठायी ती पात्रता आहे त्याला ती अवस्था येते, नाही त्याला येत नाही. झोपेत दिलेली सूचना जागेपणीही काम करते, हेही त्याने टिपले होते. आपला धंदा ज्या भ्रमावर उभा आहे तो भ्रम स्वतःच्याच श्रोत्यांपुढे मोडणारा असा धंदेवाईक विरळा.

त्याचे फळ त्याला मिळाले ते उपहासाचे. १८१६ साली पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारे एक प्रहसन आले आणि वर्ग ओस पडले. धर्ममार्तंडांना त्याच्या कृतीत सैतान दिसला. चुंबकवाद्यांना तो घरभेद्या वाटला. धर्मगुरूची साधी नोकरी पत्करून त्याने उरलेले दिवस काढले. १८१९ च्या २० सप्टेंबरला तो वारला, आणि त्याच वर्षी त्याच्या ग्रंथाचा पहिला खंड छापून निघाला. पुढे अलेक्सांद्र द्यूमाने ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ ह्या कादंबरीत त्याचे नाव एका कैदी पाद्रीला दिले, आणि जगाने कादंबरीतला फारिया लक्षात ठेवून खरा फारिया विसरून टाकला.

आम्ही येथे आपल्या माणसाचे स्तोत्र गाण्यास बसलो नाही, म्हणून त्याची चूकही सांगितली पाहिजे. कोणाला ही अवस्था लवकर येते ह्याचे कारण त्याने रक्ताच्या पातळपणात शोधले. हे मत टिकले नाही. परंतु चुकीच्या शरीरशास्त्राखालीही त्याचा मूळ सिद्धान्त शाबूत राहिला. त्याचा शिष्य जनरल न्वाझे ह्याच्या द्वारा तो नान्सी गावच्या लिएबो ह्या डॉक्टरपर्यंत पोहोचला. लिएबोचा सहकारी बेर्नहाइम ह्याने सूचना हेच संमोहनाचे मर्म होय असे प्रतिपादन केले आणि त्याचे श्रेय फारियाला दिले. १८९१ साली त्याने आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘मानसोपचार’ हा शब्द घातला. १८८९ साली ज्या एका व्हिएन्नावासी डॉक्टरने नान्सीस जाऊन बेर्नहाइमचे काम पाहिले, त्याचे नाव सिग्मुंड फ्रॉइड. गोमंतकीय डॉक्टर दालगाद ह्यांनी १९०६ साली फारियाचा ग्रंथ पुन्हा छापून काढला. १९२५ साली एगास मोनीझ ह्या पोर्तुगीज मज्जातज्ज्ञाने त्याच्यावर पुस्तक लिहिले. ह्याच मोनीझला पुढे १९४९ मध्ये मेंदूचे तंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा!

फ्रॉइडनंतर पंथ वाढले, आणि प्रत्येक पंथ आपापल्या द्रवाची ग्वाही देऊ लागला. कोणी म्हणे अंतर्दृष्टीने मनुष्य बरा होतो, कोणी म्हणे सवय मोडल्याने, कोणी म्हणे विचार सुधारल्याने. १९३६ साली सॉल रोझेनझ्वाइग ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने एका छोट्या निबंधात विचारले की, परस्परविरुद्ध सिद्धान्तांचे उपचार जर सारखेच यश मिळवीत असतील, तर त्या यशाचे कारण त्यांच्या भेदांत नसून त्यांच्या साम्यात नसेल काय? हा प्रश्न फारियाच्याच जातीचा होता. पण त्याचे उत्तर देण्यास पुरावा हवा होता, आणि उपचाराच्या बंद खोलीत काय चालते ह्याला उपचारकाच्या आठवणीखेरीज साक्षीदारच नव्हता. आपल्याच कामगिरीविषयी साक्ष देणारा साक्षीदार किती विश्वसनीय असतो, हे वेगळे सांगावयास नको.

ही अडचण कार्ल रॉजर्सने दूर केली. १९४० नंतर अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठात त्याने संभाषणे तबकडीवर मुद्रित करण्यास आरंभ केला, आणि १९४२ च्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराचे शब्दशः संभाषण छापले. खोलीचे दार त्या दिवशी उघडले. कोणत्या वाक्यानंतर रुग्ण मोकळा झाला, कोणत्या वाक्यानंतर मिटला, हे आता तिऱ्हाइताला तपासता येऊ लागले. १९५७ साली रॉजर्सने असे मत मांडले की, उपचारकाची सचोटी, त्याची निरपेक्ष आस्था आणि रुग्णाच्या जागी जाऊन समजून घेण्याची त्याची शक्ती रुग्णाच्या प्रत्ययास आली, की बदल घडतो.

पण तत्पूर्वीच, १९५२ साली, लंडनच्या हान्स आयझेंकने सगळ्या पंथांवर एकदम फिर्याद दाखल केली होती. चोवीस अभ्यासांतील सात हजारांहून अधिक रुग्णांची गोळाबेरीज करून तो म्हणाला की, मज्जाविकृतीचे दोन तृतीयांश रुग्ण उपचारावाचूनही दोन वर्षांत सुधारतात. मग उपचाराने काय साधले? म्हणजे काकतालीय न्यायच. ह्या फिर्यादीत एक दोष होता. तुलनेसाठी त्याने घेतलेले ‘उपचारावाचूनचे’ रुग्ण म्हणजे सरकारी रुग्णालयांतून सुटलेले आणि विमा कंपन्यांकडे दावा केलेले लोक होते. दोन्ही पारडी समान नव्हती. पण फिर्याद वाया गेली नाही. तिच्यामुळे शाबितीचा भार उपचारकांवर पडला. १९७७ साली स्मिथ आणि ग्लास ह्यांनी ३७५ अभ्यासांची एकत्र छाननी करून दाखवले की, उपचार घेतलेला सरासरी मनुष्य उपचार न घेतलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांहून बरा असतो. उपचाराने गुण येतो, हा मुद्दा ह्या छाननीने पुष्कळ अंशी निकालात निघाला. पंथापंथांतील फरक मात्र अल्पच दिसला.

राहिला तो फारियाचा मुद्दा: कशाने? येथे एक पुरावा वारंवार पुढे येतो तो उपचारक व रुग्ण ह्यांच्यातील सख्याचा. उद्दिष्टाविषयी एकमत, कामाविषयी एकमत आणि परस्परांतील आपुलकी, अशी त्याची तीन अंगे बोर्डिनने १९७९ साली सांगितली. २०१८ साली झालेल्या एका छाननीत २९५ अभ्यास जमेस धरले गेले, आणि सख्य जितके दृढ तितका गुण अधिक, असा माफक परंतु निश्चित संबंध आढळला. तथापि संबंध म्हणजे कारण नव्हे. सख्यामुळे रुग्णाला बरे वाटते, की बरे वाटू लागल्यामुळे उपचारक आपलासा वाटतो? २००७ साली ॲलन काझ्डिनने परखडपणे लिहिले की, दशकानुदशके संशोधन होऊनही उपचार कसा व का लागू पडतो ह्याचे पुराव्यावर आधारलेले स्पष्टीकरण आपल्यापाशी नाही. काय घडले एवढे दाखवून भागत नाही. कारण कार्याच्या आधी बदलले पाहिजे, हा काळाचा क्रमही दाखवला पाहिजे.

ह्या वळणावर कथा पुन्हा गोव्यात येते. १९९६ साली अमेरिकेत जेकबसन व त्याच्या सहकाऱ्यांनी विषण्णतेवरील विचारोपचाराचे घटक सुटे केले. सुमारे दीडशे रुग्णांपैकी काहींना त्यांनी फक्त एकच घटक दिला: सोडून दिलेली कामे व आनंदाच्या गोष्टी पुन्हा हळूहळू करावयास लावणे. हे रुग्ण संपूर्ण उपचार मिळालेल्यांइतकेच सुधारले. हे साधे तत्त्व घेऊन गोव्यातील ‘संगाथ’ ह्या संस्थेने, विक्रम पटेल ह्यांच्या मार्गदर्शनाखाली, सहा ते आठ भेटींचा एक उपचार तयार केला. तो देणारे लोक डॉक्टर नव्हते. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेली आणि ह्या कामापुरते शिकवलेली स्थानिक माणसे होती. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत २०१३ ते २०१५ ह्या काळात ४९५ विषण्ण रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी करण्यात आली. तीन महिन्यांनी हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के विषण्णतेतून बाहेर आलेले होते. नुसते नेहमीचे वैद्यकीय साहाय्य मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. आणि संशोधक एवढ्यावर थांबले नाहीत. तिसऱ्या महिन्यात रुग्ण किती कार्यप्रवृत्त झाला होता ते मोजून, बाराव्या महिन्यातील विषण्णतेशी त्याचा मेळ घातला, तेव्हा उपचाराच्या परिणामाचा ५८ टक्के भाग ह्या कार्यप्रवृत्तीच्या वाटेने आलेला दिसला. म्हणजे रुग्ण स्वतः उठून जे करू लागला, त्यातून तो बरा झाला.

हा पुरावा अंतिम आहे असे आम्ही म्हणत नाही. उपचार चिठ्ठी टाकून दिला गेला, कार्यप्रवृत्ती चिठ्ठी टाकून वाटता येत नाही. ज्याला आतून बरे वाटू लागले तोच आधी उठला असेल, ही शंका पूर्णपणे फिटत नाही. शिवाय उरलेल्या बेचाळीस टक्क्यांचा हिशेब राहतोच. पण काळाचा क्रम येथे पाळला गेला आहे, आणि कारणाच्या शोधात ही लहान गोष्ट नव्हे.

हा सारा वाद केवळ पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. भारताच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या मनोविकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार पोहोचत नाही, असे आढळले. सामर्थ्य जर उपचारकाच्या अंगच्या द्रवात असते, तर एवढ्या लोकांसाठी तितके मेस्मर आणावयाचे कोठून? सामर्थ्य रुग्णातच असेल, तर ते जागे करणारे माणूस गावोगाव तयार करता येते. फारियाचा सिद्धान्त खरा की खोटा, ह्यावर आज हजारो घरांचे स्वास्थ्य अवलंबून आहे.

त्या सिद्धान्ताला एक धोकाही आहे, तो विसरता कामा नये. बरे होण्याचे श्रेय रुग्णाचे म्हटले, की बरे न होण्याचा दोषही त्याच्याच माथी मारण्याचा मोह होतो. हा अन्याय आहे. आपल्या शास्त्रकारांनी घटाची दोन कारणे सांगितली: माती हे उपादान आणि कुंभार हे निमित्त. घट मातीचाच होतो, कुंभाराच्या अंगातून त्यात काही उतरत नाही. पण म्हणून कुंभार नसला तरी चालेल असे नव्हे, आणि घट बिघडला तर मातीला शिक्षा देणेही शहाणपणाचे नव्हे. फारियाने उपचारकाला निमित्ताच्या जागी बसवले. त्या जागेची जबाबदारी त्याने कमी केली नाही, फक्त अहंकार काढून घेतला.

पणजीस जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ साली उभारलेला फारियाचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत ह्या गोमंतकीय शिल्पकाराची ती कृती. झगा घातलेला पाद्री दोन्ही हात पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक स्त्री मागे कलंडते आहे. शिल्प जोरकस आहे, ह्यात संशय नाही. पण पाहणाऱ्याची दृष्टी त्या हातांवर खिळते, आणि त्या बोटांतून काहीतरी निघून स्त्रीच्या देहात शिरत आहे असा त्याला भास होतो. जे मत फारियाने आयुष्यभर खोडून काढले, नेमके तेच मत ब्राँझमध्ये ओतले गेले आहे. ह्यात शिल्पकाराचा दोष आम्ही मानीत नाही. मनाच्या आत घडणारी गोष्ट ब्राँझमध्ये दाखवावी तरी कशी? तिथून जाणाऱ्याने एवढेच करावे: पाद्रीच्या हातांवरून दृष्टी काढून क्षणभर त्या स्त्रीच्या मुखाकडे पाहावे. फारियाला जे सांगावयाचे होते ते तेथे आहे.